सतरा मॉडेलं, एकतीस रकाने

५ जानेवारी, रविवार. सकाळी ११

नवी डायरी. पतसंस्थेने फुकट दिलेली, म्हणून कागद असा. या वर्षी रोज लिहिणार. मागच्या वर्षी सहा जानेवारीपर्यंतच लिहिली, पण ती डायरीच निकृष्ट होती.

साडेदहाला मंद्रूपला आईला फोन केला. दर रविवारी चार मिनिटं, हा माझा नियम. माझे फोन मुद्देसूद असतात. सगळं ठीक असेलच, गोळ्या वेळेवर घेत जा, ठेवतो. आई व्हय म्हणते. लोक फोनवर तासतास काय दळण दळतात कोण जाणे.

आज मात्र तिला लाल बटण सापडलं नाही. फोन चालूच राहिला आणि शेजारच्या चंद्रव्वाला ती कानडीत जे म्हणाली ते मला ऐकू आलं: केळाक यारू इल्ल.

माझं शिक्षण आठव्या वर्षापासून सोलापुरात काकांकडे, मराठीत. पण मातृभाषा ती मातृभाषाच. अर्थ तिथल्या तिथे लागला. ऐकायला काही नाही! बिचारी. अप्पा गेल्यापासून एकटी आणि रेडिओ दोन वर्षं बंद. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

संकल्प: आईला प्लेअर घेऊन देणे. रेडिओ नव्हे, पोर्टेबल डिजिटल प्लेअर, ऑडिओ-व्हिडिओ दोन्ही. संक्रांतीच्या आत.

आई काय म्हणाली ते सिद्धेश्वरीला सांगितलेलं नाही. बायको अक्कलकोटची. मी कानडीत तोंड उघडलं की तिच्या माहेरची अख्खी पंगत जेवण सोडून हसते. आमच्या भागाची कानडी वेगळी पडते, हे त्या लोकांना कोण समजावणार?

८ जानेवारी, बुधवार

ऑफिस सुटल्यावर वीरभद्रप्पाच्या दुकानात गेलो. सोलापूरच्या भवानी पेठेत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे हाच. त्याने एक लाल डबा काउंटरवर आपटला. आत कार्ड, कार्डात पाचशे भजनं, वर एकच मोठं बटण. म्हणे, म्हातारी मान्सं हेच नेत्यात की सर, दाबलं की वाजतंय.

मी सिग्नल-टू-नॉइज रेशो विचारला. तो म्हणाला, सिग्नलचं काय काम सर, ह्यात सिमच न्हाई की.

गाढवाला गुळाची चव काय. नमस्कार करून बाहेर पडलो.

१२ जानेवारी, रविवार

रिसर्च सुरू. एक्सेलमध्ये तक्ता केला. सतरा मॉडेलं, एकतीस रकाने. स्क्रीन, बिटरेट, बॅटरी, बटणांचा आकार, बटणांमधलं अंतर. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात माझ्याखेरीज एकाला तरी असा तक्ता जमेल का? रजेचा अर्ज नीट भरता येत नाही.

तक्त्याच्या नादात साडेदहा टळून गेले. फोन राहिला. पण काम तिचंच चालू होतं, तेव्हा तो फोन केल्यासारखाच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. प्लेअर नाही. दोष कुरिअर कंपन्यांचा. (ऑर्डर दिलेली नाही. पण दिली असती तरी वेळेत आला नसता.)

आई दरवर्षी गड्ड्याला, म्हणजे इथल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला येते, आमच्याकडे चार दिवस राहते. यंदा आली नाही. गुडघा धरलाय म्हणे. सिद्धेश्वरी म्हणाली, आपणच जाऊ की तिळगूळ घेऊन, तासाभराचा तर रस्ता. मी म्हटलं, रिकाम्या हातानं जाणं मला पटत नाही. जाऊ ते प्लेअर घेऊनच. तिळगूळ काय, कुणीही नेतं.

नवी मुदत: महाशिवरात्र.

२ फेब्रुवारी, रविवार

सतरातली सहा मॉडेलं बाद. यूट्यूबवरचे परीक्षक पाहिले. विशीतली पोरं डबा उघडून आनंदाने किंचाळतात. तीस मिनिटांच्या व्हिडिओत अठ्ठावीस मिनिटं डबाच उघडत असतात.

फिजिक्सचे सुबोध सर काल कॉलेजात म्हणाले, एवढं कशाला, एक साधा स्मार्टफोन देऊन टाका. विज्ञान शिकवणारा माणूस! मोबाईल म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. ऐकण्याचं यंत्र ऐकण्यासाठीच असावं, हे मी त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. त्यांचा तास बुडाला, त्याला मी काय करणार?

जाताना विचारतात, पण तुमच्या आईला कुठली गाणी आवडतात? फालतू प्रश्न. आधी भांडं, मग दूध.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुबोध सरांचा प्रश्न फालतूच आहे, पण डोक्यात राहिला. आईला कुठली गाणी आवडतात? जात्यावर काहीतरी म्हणायची. काय ते आठवत नाही. फोनवर विचारता येईल, पण मग सरप्राइजची मजा जाते. नको.

आज फोन केला. अडीच मिनिटांत संपला. प्रगती आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. प्लेअर आला! क्रमांक नऊचं मॉडेल. चालू केला. कानडी नावं स्क्रीनवर येतच नाहीत, अक्षरांच्या जागी चौकोन. मराठीत जोडाक्षरं फुटतात. ‘सिद्धेश्वर’चे पाच तुकडे झाले.

सिद्धेश्वरी (सासूला ती आत्त्या म्हणते) म्हणाली, अहो, आत्त्यांना वाचता कुठं येतंय? मुद्दा तो नाही. परत पाठवला. तत्त्व म्हणून.

साबुदाणा कडक झाला होता. कुणाचंच कशात लक्ष नसतं.

१२ मार्च, बुधवार

अडीच वाजता, भर ऑफिसात, आईचाच फोन. रविवार नसताना! मी नेमका दोन मॉडेलांच्या बॅटऱ्या ताडून पाहत होतो. तिने विचारलं, काय करायलास शरणू? मी म्हटलं, तुझंच काम करतोय, मग बोलू. ती म्हणाली, बरं बाबा, कर की.

नंतर बोलणं राहून गेलं. पण तिला काही अर्जंट नसणार, असतं तर सांगितलं असतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. यंदा मंद्रूपला जायचंच असं ठरलं होतं. सिद्धेश्वरीने पिशवीसुद्धा भरली. साखरेची गाठी, दोन लुगडी, गुडघ्याला लावायचं तेल. पण इअरफोनचा प्रश्न ऐन वेळी लक्षात आला. आई कानात काही घालून घेणार नाही. मग स्पीकर हवा. मग पाच मॉडेलं आपोआप बाद. या गोष्टीचा विचार आधी कुणीच कसा केला नाही, याचं नवल वाटतं. सगळं मलाच बघावं लागतं.

सिद्धेश्वरी एकटीच गेली. संध्याकाळी आली. म्हणाली, आत्त्या दारातच बसल्या होत्या, माझ्यामागं कोण उतरतंय ते बघत होत्या. मी विचारलं, रेंज होती का तिकडे? ती रिकामी पिशवी झटकून आत गेली. उन्हाने डोकं दुखत असेल.

२० एप्रिल, रविवार

झालं! क्रमांक चौदा. चार इंची स्क्रीन, दणदणीत स्पीकर, मोठी बटणं, जोडाक्षरं शाबूत. साडेतीन महिने लागले, पण शहरात असा अभ्यास दुसऱ्या कुणी केला नसेल. सुबोध सरांना दाखवला. छान आहे म्हणाले. जळतात.

चारशे बारा गाणी भरली. निवड माझी. गझला, नाट्यगीतं, थोडं वाद्यसंगीत. आईची आवड आजवर घडलीच नाही, ती आता घडेल.

३० एप्रिल, बुधवार. दुपारी

बसव जयंती. सुट्टी.

तक्त्याची प्रिंट काढून ठेवली होती, आईला दाखवायला. किती कष्ट घेतले ते तिला कळावं. वर हौसेनं मथळा टाकला होता, ‘प्रकल्प: केळाक यारू इल्ल’. सिद्धेश्वरीने कागद उचलला आणि विचारलं, हे कोण म्हणालं? मी म्हटलं, आई, जानेवारीत. आणि अर्थही सांगितला. ऐकायला काही नाही.

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, अहो, यारू म्हणजे काही नव्हे. यारू म्हणजे कुणी. आणि केळ म्हणजे ऐकणं, तसंच विचारणं. आत्त्या म्हणत होत्या, विचारायला कुणी नाही.

कशी आहेस म्हणून विचारायला, असं तिने पुन्हा फोड करून सांगितलं. मला कळलं होतं.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्या कानडीला ती हसली नाही असं आज पहिल्यांदा झालं.

१ मे, गुरुवार

रात्री झोप नीट नाही. गरम फार.

विचार करता असं दिसतं की चूक भाषेची आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ ठेवायचे आणि माणसाला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. आणि प्लेअर वाया कुठे जातो? ज्याला विचारायला कुणी नाही, त्याला ऐकायला तरी काही हवंच ना?

आज महाराष्ट्र दिन, सुट्टी होती. जाता आलं असतं. पण बेचाळीस डिग्री. रविवारी नक्की. नुसता जाणार नाही, विचारणार. गुडघा, जेवण, झोप, चंद्रव्वाशी पटतं का, एकटीला भीती वाटते का. रीतसर सगळं. तक्ता करणार नाही, हे प्रश्न तोंडपाठ राहतील.

४ मे, रविवार. संध्याकाळी ७

मंद्रूपला जाऊन आलो. एकटाच. सिद्धेश्वरी म्हणाली, तुम्हीच जा.

आई दारात होती. बारीक झाली आहे. प्लेअर हातात दिला. उलटासुलटा करून पाहिला, पदराने पुसला, लई छान हाय की म्हणाली आणि फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. मी तो पुन्हा काढला. म्हटलं, वापरायची वस्तू आहे. एक गझल लावली. चंद्रव्वा दारात येऊन म्हणाली, कोण रडायलंय ओ?

मग आई सुरू झाली. जेवलास का? गाडीत जागा घावली का? डोस्कं का एवढं पांढरं झालंय? सिद्धू का आली न्हाई, भांडलासा का? ऑफिसात तरास हाय का? झोप लागती का? पाठ दुखायची ती राहिली का? मी एकेकाचं उत्तर देत होतो. मध्ये दोनदा उठली, दोन्ही वेळा भिंतीला धरून. गुडघ्याचं विचारणारच होतो, पण तेवढ्यात बॅटरी आठ टक्क्यांवर आली आणि लक्ष तिकडे गेलं. मग ती भाकरी करायला बसली. मग चारची गाडी.

निघताना शेंगाचटणीची पुडी दिली. परत कवा येतूस, हेही विचारलं. बघू म्हणालो.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. वेळ जाईना म्हणून हिशेब केला. आईने मला बावीस प्रश्न विचारले. कदाचित तेवीस, कारण केसांबद्दल दोनदा विचारलं.

मी एक विचारला. चार्जिंगचा पॉइंट कुठे आहे?