विहिरीजवळच्या बोरीचा पाला

जुळे सोलापूर,
चैत्रातली दुपार (वीज नाही)

आदरणीय प्रदीपमामांना बुद्धप्रियाचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा, मीनामामींचा खोकला आणि तिन्ही शेळ्या बऱ्या असतील असं धरून चालते. (शेळ्यांची चौकशी उगीच केलेली नाही.) फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. इथे सगळे खुशाल, एक आईचा कुकर सोडून. त्यात मी बोरीचा पाला उकळला. आता वरणालाही रानाचा वास येतो आणि आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

पाला कशाला, हे तुम्ही सारखं विचारता. पाल्याच्या पाण्यात जस्ताचा क्षार घालून तापवला, भट्टीत भाजला, की झिंक ऑक्साइडची पांढरी पूड मिळते, नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाहीत इतक्या बारीक कणांची. आमचे गाईड सोमशेखर सर हेच काम बाटलीतल्या कॉस्टिक सोड्यानं करतात. त्यांचे कण दरवेळी सारखे येतात, हे मान्य. पण ते कण धुतलेलं सोड्याचं पाणी बेसिनमधून पुढं कुठं जातं, हे कोणी विचारायचं नाही. मी विचारलं. तेव्हापासून आमचं बिनसलंय.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात तुमच्या विहिरीजवळच्या बोरीचा जून पाला नेला, कण झकास आले. गेल्या वर्षीच्या छाटणीनंतर मी पुन्हा आले, तर तुम्ही "जून पाला कशाला न्हेतीस पोरी, कवळा घे की, लई ग्वाड फुटलाय" म्हणत पिशवी भरून दिलीत, पाहुणीला द्यावा तसा. मामा, त्या लाडाचे गोळे झाले! पूड नाहीच. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पाल्यानं आंघोळीचं पाणी होतं, संशोधन होत नाही." माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथं सांगितलं, त्याच बोरीच्या जून पाल्यानं लागोपाठ तीनदा सारखे कण काढून दाखवीन, नाहीतर माझा विषय सोडून त्यांच्या बाटलीवर पीएचडी करीन. झाड काही कारखान्यात भरून येत नाही; त्याचा ऋतू, त्याची छाटणी विचारावी लागते, आणि ते विचारणं हेच माझं संशोधन आहे. सरांना हसायचं तेवढं हसू दे, मी हटणार नाही.

तुमची हट्टी भाची,
बुद्धप्रिया

ता. क. : यंदा तेवढ्या एका बोरीला कोयता लावू नका.

आणखी ता. क. : आत्ताच मामींचा फोन. ती बोर सकाळीच छाटली म्हणे, आणि फांद्या शेळ्यांपुढं! धाकट्या भावाला, यशपालला, हे पत्र देऊन गाडीवर पिटाळते आहे. उरला असेल तेवढा पाला त्याच्याकडे द्या.

शेवटचं : सरांची बाटली मी टेबलावर आणून ठेवली आहे. झाकण अजून उघडलेलं नाही. शेळ्यांना तेवढं सांगा.