साहेब बाहेरच बसलेत

३ मार्च

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

रंगाच्या कारखान्यातली माझी नोकरी गेली, हे आईकडून कळलंच असेल. छटा जुळवणारा आमचा सगळा विभागच बंद केला, साहेबांसकट. आता जाईन त्या मुलाखतीत एकच प्रश्न: आधीची नोकरी का सोडलीत? परवा मी म्हटलं, बदल हवा होता. समोरच्या बाईंनी विचारलं, कसला? मी म्हणून बसले, हवापालट! आई म्हणते, काढलं हे सांगूच नकोस. तुम्ही आयुष्यभर माणसं नेमलीत, तुम्हीच काय ते सांगा. मामींना नमस्कार.

तुमची सर्वांत लाडकी (हे मीच ठरवलंय),
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हवापालट वाचून तुझी मामी इतकी हसली की दूध उतू गेलं. ओटा मला पुसावा लागला. आईचं मनावर घेऊ नकोस, काळजी करायची तिला लहानपणापासून हौस. विभाग बंद झाला, त्यात मीही गेले, एवढं एका दमात सांग आणि कामाविषयी बोलायला लाग. रडगाणं नको, मालकाला शिव्या तर मुळीच नकोत. तू काही चोरी केलेली नाहीस. लोभ आहेच, तो टिकवायला पत्र लवकर टाक.

मामा

२१ मार्च

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

सोमवारी फरशांच्या कारखान्यात गेले, तर बाकावर आमचे साहेब! त्याच जागेसाठी, नवा टाय लावून. दोघंही ओशाळलो. आत गेल्यावर तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, कामात कमी पडलात म्हणून काढलं नाही कशावरून? माझ्या तोंडून निघून गेलं, साहेब बाहेरच बसलेत, त्यांनाच विचारा. आणि मामा, त्यांनी खरंच बोलावलं! साहेबांनी नुसतं नाक मुरडलं असतं तरी माझा पत्ता कट होता. पण ते म्हणाले, विभाग तोट्यात होता. हिच्या कामात खोट नव्हती, उलट माझ्या चुका हीच पकडायची.

काल निरोप आला, जागा मला मिळाली. आई शेजारीपाजारी खरं बोलण्याचं महत्त्व सांगत फिरतेय. साहेबांना फोन केला, आणि आभार मानता मानता रडूच कोसळलं. ते म्हणाले, वेडाबाई, रडतेस काय, मी आणखी एकीकडे जातोय, तिथे चौकशीसाठी तुझं नाव दिलंय.

आज दुपारी तिथून फोन आला. मी साहेबांविषयी इतकं भरभरून बोलले, की शेवटी पलीकडच्या गृहस्थांनाच पुरे म्हणावं लागलं. साहेब उद्यापासून रुजू होतायत.

लोभ आता दुप्पट हवा.

तुमची,
भिंगरी