गालिच्यांचा धंदा

टॉडमॉर्डन,
४ मार्च १९८४

चि. डेस्मंड यास विनीआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या कंबरेचं विचारू नकोस, ती आता माझी राहिली नाही, डॉक्टरांची झाली. पत्राला कारण वेगळंच आहे. हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या आमच्या क्लबाच्या बायकांनी यंदाची सहल ठरवली. बस करून मँचेस्टरला, थेट तुझ्या टीव्हीवरच्या ‘इश्श, जिंकलात!’ या खेळाच्या चित्रीकरणाला. क्लबाचा कप्तान म्हणून तुझा बाप क्लिफर्ड पुढच्या सीटवर असणार. त्याला नाही म्हणता येईना, कारण नाही का, ते सांगावं लागलं असतं.

तू लंडनला गालिचे विकतोस, असं क्लिफर्ड अजून सांगतो. दर शनिवारी अख्खं गाव तुला चमचमत्या कोटात कंबर हलवताना बघतं. टीव्हीवर नाव बदललंस म्हणून नाक बदलतं का? ते तर थेट बापाचंच. तरी रविवारी क्लबात जो तो गंभीर चेहऱ्याने विचारतो की डेस्मंडचे गालिचे कसे चाललेत, आणि हा सांगतो की मागणी बरी आहे. आमच्याकडे याला सभ्यता म्हणतात. परवा मिसेस एंट्विसलने जिन्यासाठी लाल गालिचा मागितला, तर म्हणाला, लाल संपलाय.

मी काही येत नाही. तुझा तू निस्तर. लोभ आहेच, त्यात कंबरदुखीने कमी-जास्त होत नाही.

तुझी विनीआत्या

*

मँचेस्टर,
९ मार्च

ती. विनीआत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता माझी एक खोटी पापणी चहात पडली. बाबांना थांबव. जिन्यावरून पडल्याचं सोंग कर, हवं तर खरंच पड.

अगं, मी तिथे बायकांच्या मांडीवर बसतो, पुरुषांच्या टकलावर लिपस्टिकचा ठसा उमटवतो. पहिलं बक्षीस कॅराव्हान, आणि हरणाऱ्याला गुलाबी प्लास्टरचा हंस. खरं तर हंसावरच सगळ्यांचा डोळा असतो. शेवटच्या खेळात कोबी घरंगळवायचा, माझ्या बुटाजवळ थांबेल तो जिंकला. बाबा याला खेळाची विटंबना म्हणतील. खेळाडू प्रेक्षकांतूनच चिठ्ठी टाकून निघतात. आमच्यापैकी कुणाच्या नातेवाइकाला खेळता येत नाही, आणि शेवटच्या खेळाआधी नियम सांभाळणाऱ्या आमच्या मिस पिम तसं सगळ्यांसमोर विचारतात. बाबांचीच चिठ्ठी निघाली तर?

खरं सांगू? कित्येक वर्षं आमचं बोलणं म्हणजे नाताळचं एक कार्ड, तेही हवामानाबद्दल. चार लोकांत त्यांनी एकदा मला आपला म्हणावं, एवढंच मला हवंय. पण असं नको. कोबीच्या साक्षीने नको.

माया असू दे, आणि कोटावर हसणं जरा कमी कर.

तुझा डेस्मंड

*

मँचेस्टर,
१९ मार्च

ती. विनीआत्यास सा. न. वि. वि.

निघाली बाबांचीच चिठ्ठी. तपकिरी सूट, क्लबाचा टाय, आणि चेहरा दात काढायला आल्यासारखा. पहिल्या खेळांत मी त्यांच्या अंगचटीला गेलो नाही, तर प्रेक्षक ओरडायला लागले की आज याला झालंय काय. तरी ते शेवटपर्यंत पोचलेच.

त्यांना कोबी दिला. त्यांनी तो हातावर तोलला, फिरवला, जड बाजू कोणती ते शोधलं. कॅराव्हान त्यांचीच होती, आत्या. निवृत्तीपासून ते कुणाकुणाच्या कॅराव्हानकडे कसे बघतात ते तुला ठाऊक आहे. मिस पिमनी विचारलं की इथल्या कुणाशी आपलं नातं आहे का. मी ठरवलं होतं, ते नाही म्हणतील आणि मी तोंड शिवून घेईन. इतकी वर्षं नाही म्हणालेच आहेत, आता निदान त्यातून चाकांवरचं घर तरी मिळू दे. तुमची सगळी बस छताकडे बघत बसली होती.

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. मग मिस पिमना म्हणाले की हा चमचमणारा माझा मुलगा आहे, सरळ उभं राहायला लहानपणापासून कधी शिकला नाही. कोबी माझ्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसले.

प्रेक्षकांना वाटलं हाही विनोदच. सगळे खो खो हसले, एक तुमची बस सोडून. मिसेस एंट्विसल उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी कोबी पोटाशी धरून रडलो गं, काजळ हनुवटीपर्यंत आलं. चेहरा धुऊन बाहेर येईपर्यंत बस निघायला लागली होती. ड्रायव्हरच्या हाती हंस तेवढा दिला. त्यांच्याशी एक शब्दही बोलता आला नाही. रागावलेत का, ते जरा बघून कळव.

तुझा डेस्मंड

*

टॉडमॉर्डन,
२६ मार्च

चि. डेस्मंड यास अ. आ.

विनीने तुझं पत्र दाखवलं. तिची कंबर बरी आहे, जीभ होती तशीच आहे.

हंस पोचला. मान मोडली होती, चिकटवली. तो क्लबाच्या कपाटात चषकांच्या मध्ये ठेवावा असं बायकांचं म्हणणं पडलं. मी विरोध केला. आता तो कपाटात आहे.

कोबी डावीकडे ओढ घेत होता. तुझ्या बुटाला टेकवला असता. असो. तुझा कोट डाव्या खांद्यावर उसवलाय, टीव्हीवर दिसतो. ईस्टरला येशील तेव्हा घालून ये, विनी टाके घालेल.

काल मिसेस एंट्विसलने पुन्हा लाल गालिच्याचं विचारलं. तो धंदा बंद झाला, मुलगा आता टीव्हीवर असतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी फार आश्चर्य दाखवलं.

कळावे,
बाबा