गळतीमुक्त मोटार

३ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. शोध लावणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात, नाहीतर मागाहून चरित्रकारांची धावपळ होते. निवृत्तीनंतर मेंदू मोकळाच आहे. ही म्हणते, स्वयंपाकघरात येऊन फोडणी कशी द्यायची ते सांगण्यापेक्षा बाहेर काहीतरी करा. करतो.

३ मे, दुपार
मेहुण्याची मोटार आली. हिचा धाकटा भाऊ नदीवर होडी चालवतो, या काठाची माणसं त्या काठाला. होडी रंगवायला उलटी पडली आहे, तोवर मागे अडकवायची मोटार रिकामी. वर इंजिन, खाली लांब दांडा, टोकाला पंखा. द्यायला तयार नव्हता. हिने शब्द टाकला म्हणून दिली. जाताना दाराशी दोनदा थांबून म्हणाला, भावजी, चालू केलीत तर बाजूच्या धारेवर लक्ष ठेवा. मी पाणीपुरवठा खात्याच्या गळती विभागात अख्खी नोकरी काढली, आणि हा मला धार शिकवतो.

४ मे
मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपात मोटार उभी करून चालू केली. शेजारच्या हेडमास्तरांनी खिडकी लावून घेतली. पाहता पाहता दोष सापडला. इंजिनाच्या बाजूला बारीक भोक, त्यातून पाण्याची अखंड धार. नामांकित कारखान्याची मोटार आणि उघड उघड गळती. मेहुणा इतकी वर्षं हे घेऊन हिंडतोय आणि वर लक्ष ठेवा म्हणतो. आमच्या खात्यातही लोक गळतीवर नुसतं लक्षच ठेवायचे.
ही म्हणाली, त्याला एकदा विचारा. म्हटलं, शोध विचारून लागत नाहीत.

५ मे
भोक बुजवलं. दोन ट्यूबा कालवून केलेला गोळा, त्यावर तार, त्यावर परत गोळा. शोधाचं नाव: निर्गळ. पेटंटच्या अर्जाला सुरुवात केली, पण उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली आहेत. अक्षर त्यामुळे असं.

७ मे
बोटं सुटली. दुसरी सुधारणा. पंख्याच्या वर, पाणी आत ओढायच्या फटी आहेत. तिथून शेवाळ शिरणार हे शेंबड्या पोरालाही कळेल, कारखान्याला कळलं नाही. चहाची गाळणी कापून बसवली. चपखल बसली.
संध्याकाळी चहात सगळा चोथा. हिने कप जरा जोरातच ठेवला.

९ मे
मोठी चाचणी. सुरुवात उत्तम, मग आत कुठेतरी पीं पीं सुरू झालं. पिंपाच्या तळचा गाळ गाळणीवर दाट बसला होता. म्हणजे गाळणी काम करते. पीं पीं काही थांबेना. ही बाहेर येऊन म्हणाली, अहो, ती काहीतरी सांगतेय. म्हटलं, यंत्र सांगत नसतं, कटकट करतं.
आमच्याकडे तक्रारींचा फोन असाच वाजायचा. मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवायचो. दुपारपर्यंत शहरात एकही गळती उरायची नाही.
आवाजाची वायर शोधून कापली. शांतता. तिसरी सुधारणा, तीही बिनखर्चाची.
ता. क. मोटारीला हात लावला तर चटका बसला. उन्हात होती.

१२ मे
होडीचा रंग वाळला. परवा सकाळी पहिली फेरी. मेहुण्याने विचारलं, भावजी, नेमकं केलंत काय? म्हटलं, पाण्यातच बघ. त्याचा चेहरा उतरला. मोठ्या गोष्टीपुढे लहान माणसाचं असंच होतं.
जेवताना ही म्हणाली, त्याच्या घरची चूल त्या मोटारीवर पेटते. मी त्याला शब्द दिलाय, आणि तो शब्द माझा आहे, तुमचा नाही. म्हटलं, उद्या तुझ्या माहेरचे लोक माझा फोटो लावतील. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी. काय म्हणत होती ते कळलं नाही.

१४ मे, सकाळ
कोट घातला. ही म्हणाली, होडीत कोट? म्हटलं, वर्तमानपत्रवाला आला तर? तोही शोध लागल्यावरच येतो ना, असं म्हणून ती बरोबर निघाली.

१४ मे, रात्री
थोडक्यात लिहितो.
होडीत त्या काठच्या दवाखान्यातली नर्स, एक म्हातारा, शेळीवाली बाई, शेळी, ही आणि आम्ही दोघं. मोटार मीच हाती घेतली. मेहुणा पुढे बसला. नदीच्या मध्यावर त्याने मागे वळून विचारलं, भावजी, धार का दिसत नाही? म्हटलं, तीच तर गंमत आहे. तो उठला तो धावतच निघाला, शेळीला अडखळून म्हाताऱ्याच्या मांडीवर पडला. तेवढ्यात मोटारीतून पांढरा धूर आला. मग एक कण्हल्यासारखा आवाज. मग काहीच नाही. गाळणीवर शेवाळाचा हा एवढा थर होता. म्हणजे गाळणीने काम चोख केलं, हे कुणी लक्षात घेतलं नाही.
ती धार म्हणजे इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी होतं म्हणे. धार दिसते तोवर इंजिन ठीक. आणि तापलं की पीं पीं वाजतं. मेहुणा हे अगदी हळू आवाजात सांगत होता, आणि सांगता सांगता मोटारीवर हात ठेवून बसला होता. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.
वल्हवत परत आणलं. कोट ओला.

१६ मे
मेकॅनिक म्हणाला, इंजिन आतून जाम आहे, आता भंगारात. विचार केला तर दोष कारखान्याचाच. इतकी महत्त्वाची धार असेल तर तिथे पाटी नको का? पेटंटचा अर्ज तूर्त बाजूला.
मीठ कमी आहे असं म्हणालो, तर हिने बरणी उचलून माझ्यासमोर ठेवली आणि भावाकडे निघून गेली.

१७ मे
परत आली. येताना ठरवूनच आली. होडी बंद ठेवता येत नाही, त्या काठाला शाळा आहे, दवाखाना आहे. नवी मोटार येईपर्यंत वल्ही. सकाळच्या फेऱ्या भाऊ मारणार, दुपारच्या मी. माझी पाठ, माझं वय, माझी प्रकृती, सगळं सांगितलं. ती म्हणाली, शब्द मी दिला होता, फेडायला तुम्ही आहात.

२५ मे
तळहातांना फोड. लोक मला मोटार म्हणतात. शेळीवाली काठावरून हाक मारते, आज मोटार चालू आहे का? दुर्लक्ष करतो.
वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या काठाकडे असते. आपण कुठे चाललोय ते आपल्याला दिसतच नाही. म्हणून ही पुढे बसते आणि डावीकडे, उजवीकडे, सावकाश, असं सांगत राहते. आज म्हणाली, पहिल्यापासून असंच ठेवायला हवं होतं.
ऊन फार होतं. दुपारच्या फेरीला नर्स होती. माझ्याकडे बघून घाबरली, हिला म्हणाली, काकू, काका घामाने निथळतायत, थांबवू या का? ही म्हणाली, धार चालू आहे तोवर काळजी नाही. बंद झाली की सांग.
मी घाम पुसायला हात वर नेला होता. तसाच खाली घेतला.