नेम चुकलेल्यांचे शर्ट

केंटकी, नोव्हेंबर

प्रिय व्हर्लनदादा,

फोनवर तू म्हणालास, "बाबांची बंदूक तुझीच आहे. ये हरणं मारायला. रानात कोण बघतंय?" तुरुंगातून सुटून अकरा वर्षं झाली, तरी शिक्षा भोगलेल्या माणसानं बंदुकीला हात लावणं इथल्या कायद्यानं गुन्हाच आहे. केस कापायचा परवानाही दोनदा नाकारून तिसऱ्यांदा दिलाय सरकारनं. तो मी हरणापायी घालवणार नाही.

काल हंगामाचा पहिला दिवस. संध्याकाळी सगळे शिकारी माझ्या दुकानात आले. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापायचा, ही आपली रीत. यंदा कात्री माझ्या हातात होती. म्हातारा हॉबर्ट म्हणाला, "सरळ काप रे, परवानेवाल्या." चार तुकडे भिंतीवर ठोकलेत. झकास दिसतात.

लहानपणी दरवर्षी माझाच शर्ट कापला जायचा. नेम चुकला की दुसऱ्या दिवशी बाबा मला एकट्याला शिकवायला रानात न्यायचे. म्हणून मी मुद्दाम चुकवायचो.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. आपल्या दोघांत नेमबाज तूच, असं तुला वाटतं. वाटू दे.

तुझा धाकटा,
ऑरिन