आई कोणावर अवलंबून आहेत, त्याबाबत

ती. ताई यांना धाकट्या भावजयीचा मनापासून नमस्कार, वि. वि.

(भावजय लिहायचं की माजी भावजय, हे अजून ठरलेलं नाही. तुमच्या बंधुराजांनी मला सोडलं आहे, पण तसं लिहून दिलेलं नाही, त्यामुळे तूर्त नातं चालू आहे असं धरून नमस्कार करते.) भाऊजींची कंबर कशी आहे? मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की त्यांनी चालायचं यंत्र घेतलंय आणि ते ठेवायला मागची खोली लागली. त्यावर भाऊजी चालतात की टॉवेल वाळतात, ते सवडीने कळवा. तुमचे गुडघे, मुलांच्या परीक्षा, न्हाणीघरातली गळती या सगळ्यांची चौकशी केली आहे असं समजा. इकडे तुमच्या आई आणि मी, दोघी मजेत आहोत. पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, बाकी पुढचं वाचून तुम्हीच काय ते ठरवा.

मधली हकिकत तुम्हाला माहीत नसणार, कारण त्या फोनच्या वेळी तुमच्याकडची रेंज गेली ती अजून आलेली नाही. बंधुराज जरा विचार करायला जातो म्हणून बॅग घेऊन बाहेर पडले. (विचाराचे केस कुरळे आहेत आणि ती पोहायला शिकवते, हे शेजारणीकडून कळलं.) त्याचंही मला फार काही वाटलं नसतं, म्हणजे वाटलंच, पण ते दुसऱ्या पत्राचं काम आहे. खरी पंचाईत पुढे झाली. त्यांनी नोकरी सोडली आणि परदेशातला कामाचा परवाना रीतसर परत केला. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत या माणसाने विजेच्या बिलाचा फॉर्मसुद्धा कधी पूर्ण भरला नाही, पण हा एक फॉर्म त्यांनी एकही रकाना न सोडता भरला. आईंचं आणि माझं राहणं त्याच परवान्याला टांगलेलं होतं, त्यामुळे आम्हा दोघींना देश सोडा अशी नोटीस आली. सोडून जायचं कुठे? मायदेशातला फ्लॅट त्यांनी गेल्याच वर्षी विकला, हे तुम्हाला माहीत आहेच. नोटीस वाचून आई म्हणाल्या, "म्हणजे तो गेला आणि घर आपण सोडायचं?" मी म्हटलं, हो. मग त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि कपाट आवरायला घेतलं.

अशात मला कळलं की घरबसल्या परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांना तोच देश लांब मुदतीचा व्हिसा देतो. माझं काम तसलंच आहे. ज्यांना ऐकू येत नाही अशांसाठी मी मालिकांच्या खाली आवाज लिहिते. (दार आपटतं), (लांबून कुत्रं भुंकतं), (ती हुंदका आवरते). दिवसभर हेच. (कंसांची सवय त्यामुळेच लागली आहे, माफ करा.) पण नियम असा, की त्या देशाचा हा अर्ज त्या देशात बसून करता येत नाही. आधी बाहेर जायचं, तिथून ऑनलाइन अर्ज करायचा आणि उत्तर येईपर्यंत बाहेरच थांबायचं. म्हणून आम्ही बसने सीमा ओलांडली आणि पलीकडच्या पहिल्याच गावात दातांच्या दवाखान्यावरची एक खोली घेतली. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक टेबल. टेबलावर मी काम करते तेव्हा आई पलंगावर, आणि त्यांना टेबल हवं असतं तेव्हा मी पलंगावर. खालून दिवसभर ड्रिल चालतं. एका नाजूक प्रेमप्रसंगाखाली मी (यंत्राची घरघर) लिहून पाठवलं, तर कंपनीने विचारलं की दिग्दर्शकाला तरी हे माहीत आहे का. आईंची मात्र तिथल्या नर्सबाईशी गट्टी जमली आहे. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्न येत नाही.

आता अर्जाचं ऐका. त्यात अवलंबित व्यक्तींचा एक रकाना आहे आणि त्यात पती, पत्नी, मूल एवढेच पर्याय. पाळीव प्राण्यासाठी वेगळं पान आहे. मांजराला लस टोचलेली असली की मांजर चालतं. सासूसाठी पान नाही. आई म्हणाल्या, मांजर म्हणून टाक, लस मी टोचून घेईन. शेवटी अगदी तळाशी "इतर" असा एक पर्याय सापडला, त्यात सासू घातली, तर अर्जाने नात्याचा पुरावा म्हणून नवऱ्याची सही मागितली. जो माणूस आम्हाला या नात्यात टाकून गेला, त्यानेच ते नातं आहे म्हणून सही द्यायची. त्यांना तीन निरोप पाठवले. वाचल्याच्या खुणा आल्या, उत्तर नाही आलं. मग लग्नाचा दाखला, आईंच्या पासपोर्टमधलं आडनाव आणि आमचे दोघींचे इतक्या वर्षांचे फोटो जोडले. (एका फोटोत तुम्हीही आहात, अर्ध्या.) आईंचा फोटो दोनदा परत आला. चेहऱ्यावर भाव नको, असा नियम. आई म्हणतात भाव नाहीतच, संगणक म्हणतो आहेत. तिसऱ्या वेळी त्यांना नुकतंच झोपेतून उठवून फोटो काढला, तो पास झाला. येण्याचा हेतू काय, या प्रश्नावर मी पर्यटन, निवास वगैरे वाचून दाखवत होते, तर आईंनी सांगितलं, "लिही, कपाट तिथे आहे." घरमालकाने जागा या महिनाअखेरपर्यंत आमच्यासाठी ठेवली आहे, म्हणजे तसं ते खरंच होतं.

यानंतर मुलाखत. पडद्यावर एक अधिकारी, त्यांच्या बाजूला आईंसाठी दुभाषी बाई. (वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीसारखं मराठी बोलणारी. आईंना ती फार आवडली.) माझी मुलाखत झटपट झाली. पगार, कंपनी, विमा. मग मला खोलीबाहेर जायला सांगितलं, म्हणजे आई माझ्याकडे बघून उत्तरं द्यायला नकोत. मी जिन्यात बसले. दार पातळ आहे, आणि ऐकणं हाच माझा धंदा आहे.

"आपला सांभाळ करू शकेल असे अन्य अपत्य आपणांस आहे काय?" असं दुभाषी बाईंनी विचारलं. मी जिन्यात डोळे मिटले. आईंनी फक्त खरं सांगायचं होतं. आम्ही आदल्या दिवशी घोकलंही होतं. की मुलगी आहे, तिला सध्या जमण्यासारखं नाही. बस, एवढंच. पण आई म्हणाल्या, "आहे तर! मुलगी आहे ना! रोज फोन असतो तिचा. आई, कधी येतेस, कधी येतेस, एकच घोशा. जावई तर न्यायलाच निघाले होते. मीच म्हटलं, थांबा जरा."

दुभाषी बाईंनी ते सगळं इमानेइतबारे पोचवलं. अधिकारी काहीतरी टाइप करत असल्याचा आवाज आला. (टाइप करण्याचा आवाज, बराच वेळ.) मग, "असे असता आपण कन्येकडे का जात नाही?"

"आणि हिला कुठे टाकू?" आई म्हणाल्या. "नवरा सोडून गेलाय हिचा. जेवते की नाही ते बघायला नको कोणी? झोपेत दचकते. मी आहे म्हणून उभी आहे ती. हिचं सगळं माझ्यावर आहे, साहेब."

ताई, मला त्या क्षणी दार फोडून आत जावंसं वाटलं आणि त्याच वेळी जिन्यातच बसून राहावंसं वाटलं. मी बसून राहिले. खालच्या पेशंटला वाटलं की माझा नंबर लागलाय आणि मी दाढदुखीने रडतेय, त्याने मला पुढे जायला सांगितलं. वर गेले तेव्हा पडदा काळा झालेला होता आणि आई पदर नीट करत होत्या. "बरं बोलले ना मी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छान बोललात. दुसरं काय म्हणणार होते? आईंना रोज फोन येत नाही हे आईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फोन कुठल्या खिशात आहे आणि त्याची बॅटरी किती आहे, हे विचारल्याशिवाय त्या आंघोळीलासुद्धा जात नाहीत.

निकाल आला आहे. माझा व्हिसा मंजूर झाला. महिनाअखेरच्या आत त्या देशात शिरले नाही तर तो रद्द होईल. आईंचा अर्ज नामंजूर नाही, पण अडकवून ठेवला आहे. कारण लिहिलं आहे, की सदर महिलेस सांभाळण्यास इच्छुक मुलगी असून सदर महिला मुख्य अर्जदारावर अवलंबून नाही, उलट मुख्य अर्जदार सदर महिलेवर अवलंबून असल्याचे दिसते. सरकारी कागदावर माझ्याबद्दल एवढं बरोबर कोणी कधी लिहिलं नव्हतं. पण त्याचा उपयोग नाही. अवलंबून मी असून चालत नाही, त्या असाव्या लागतात.

आईंना मी निकालाचं अर्धंच सांगितलं आहे, की एक कागद कमी पडतोय, येईल. त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली आहे. रोज सकाळी त्यातून साडी काढतात, संध्याकाळी पुन्हा भरतात. काल म्हणाल्या, तुझं झालंय तर तू पुढे हो, मी इथे नर्सबाईंकडे राहीन आठवडाभर. मी विचारलं, आणि आठवड्यानंतर? त्या म्हणाल्या, "मग मुलगी आहेच की." आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. माझ्याशीसुद्धा त्या तेच बोलतात, ताई. मी त्यांना खोटं पाडत नाही. एका खोलीत, एका पलंगावर दोघींनी राहायचं म्हणजे काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

बाकी सर्व ठीक. हवा कोरडी आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र फार लांबलं, पण फोन लागत नाही म्हटल्यावर इलाज नव्हता.

तुमची,
धाकटी भावजय (तूर्त)

ता. क. — सोबत एक मसुदा जोडला आहे. "माझ्या आईस सांभाळणे मला शक्य नाही व तशी माझी इच्छाही नाही" असं तुम्ही नोटरीसमोर सही करून, स्कॅन करून पाठवायचं आहे. "इच्छा नाही" हे शब्द माझे नाहीत, त्यांच्या नियमातले आहेत. ते गाळलेत तर कागद परत येतो, मी विचारून घेतलं आहे.

ता. क. २ — हा कागद आईंना कधीही दिसणार नाही. थेट माझ्या ईमेलवर पाठवा. तुम्ही तो पाठवाल याबद्दल मला शंका नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्यावर रागही नाही. तुम्ही आईंना घेऊन गेला असतात तर माझं काय झालं असतं, तेच मला कळत नाही.

ता. क. ३ — सही झाली की मात्र आईंना एक फोन करा. मागच्या खोलीचं, कंबरेचं काही काढू नका. नुसतं म्हणा, आई, कधी येतेस? त्या नाही म्हणतील. हमी मी देते. दोनदा आग्रह करा, तरी नाहीच म्हणतील. शक्यतो सकाळी दहाच्या सुमारास करा, तेव्हा नर्सबाई चहाला वर आलेली असते. तिला शब्द कळणार नाहीत, पण फोन आलेला दिसेल.