पाहण्याचा कार्यक्रम आन बसलेला सर्व्हर

डोंगरकडा, सोमवार

चिरंजीव जळबास थोरल्या अक्काचा आशीर्वाद. तुझ्या डोळ्याचं आपरेशन बरं झालं आसल आन हे पत्र तुझं तुला वाचता येत आसल. (बायकोला दाखवू नको. काहून ते शेवटी कळंल.) माझा गुडघा दुखून राहिला, पण तो माझ्याबिगर कुणाला दुखत न्हाई.

काल तुझ्या बायकोच्या भाच्याचा, शिवप्रसादचा, माझ्या नातीला, रागिणीला, मोबाइलवर पाहण्याचा कार्यक्रम मधीच बंद पडला. तुमी रुसलात म्हणं. म्हणून समजावून सांगते. (मी चौथी, तू सातवी, सावकाश वाच.)

आमच्या घरात सिमकार्डाला रेंज न्हाई, समदं वायफायवर. वायफाय म्हणजे बिनतारी. हाळी दिली की शेळ्या दाव्याबिगर येतात, तसं. हाळी देणारा तो फळीवरचा डबा, राउटर. हाळी जिथवर जाती ती त्याची रेंज. पासवर्ड म्हणजे कुलूप. माझं हाड मोडलं तवा न फिरकलेला शेजारी रामकिशन आता रोज ओट्यावर बसून तब्येत इचारतो. पासवर्ड बदलला की आठ दिवस त्याला माझी तब्येत आठवत न्हाई. रागिणी याच्यावरच घरून पुण्याच्या कंपनीचं साफ्टवेअर लिहिती. मशीन जावयासारखं आसतं, सांगितल्याबिगर हालत न्हाई आन सांगितल्याच्या वर काडी उचलत न्हाई. म्हणून त्याला पायरी-पायरीनं लिहून द्यायचं, तो कोड. त्यात राहिलेली चूक म्हणजे बग. सोयाबीनवरची अळी, एक मारावी तर चार. लोकांच्या हाती द्यायच्या आधी पोरगी दहादा तपासती, ती टेस्टिंग. (स्थळ आणताना तूही करत जा.)

तर काल शिवप्रसाद म्हणला, "लग्नानंतर हे काम बंद करायचं बरं का. आमच्या घरी सुना बसून पगार खात न्हाईत." बसून! मागून त्याची आई, "कॉम्प्युटर आणू नका, ठेवायला जागा न्हाई." आन रागिणीचा बाप, माझा परमेश्वर, व्हय व्हय करत मान हालवून राहिला. आता हा तारीख धरणार, तितक्यात शिवप्रसादचं उघडं तोंड मोबाइलवर तसंच थिजलं, मग गेलंच.

परमेश्वर म्हणला, अपडेट चालू आसल. अपडेट म्हणजे जुन्यातल्या चुका काढून नवं टाकणं. (मानसाला अजून निघालं न्हाई.) रामकिशन ओट्यावरून ओरडला, "काकू, सर्व्हर बसला!" सर्व्हर म्हणजे लांबचं मोठं मशीन; सचिव गावाला गेला की सोसायटी बंद, तसं ते बसलं की समदे बसतात. कुणाचा दोष न्हाई. राग धरू नये.

तुझी अक्का, यशोदा

ता.क. सर्व्हर ठणठणीत होता. राउटरवर पितळी हंडा मीच पालथा घातला. धातूतून लहर बाहेर येत न्हाई, हे मला दिवाळीत घासलेले भांडे फळीवर ठेवताना कळलं. (रागिणी केवढ्यानं ओरडली होती!)

आणखी ता.क. तवा त्या लोकांना आमच्याकडून न्हाई कळव, आन परमेश्वरला सांग की त्यांनीच न्हाई म्हणलं. मामाचं तो ऐकतो. पोरीला दोन वर्षं काम करू दे, स्थळं कुठं पळून जात न्हाईत.

रागिणीला यातलं काहीच ठाऊक न्हाई. संध्याकाळी तिनं हंडा काढून जाग्यावर ठेवला, मला काही इचारलं न्हाई, आन चहात दोन चमचे साखर जास्ती घातली. मला साखर बंद हाय, हे त्या शिकलेल्या पोरीला कोण सांगंल?